आतली हवा, बाहेरची हवा

यूट्यूबवरच्या परीक्षणात किंवा कूलरच्या जाहिरातीत ‘पूर्ण भार असताना प्रोसेसर ६२ अंश’ असं दिसलं, की आधी एक गोष्ट विचारायची : खोलीचं तापमान किती होतं? ती खोली बहुतेक वेळा युरोप-अमेरिकेतली असते, २१-२२ अंशांवर स्थिर ठेवलेली. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत दुपारी तीनला बाहेर ४२ अंश असतात. पत्र्याच्या घरात किंवा वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबखाली, पंखा चालू ठेवूनही ३८-४० अंश असतात. पंख्यावर चालणारा कुठलाही कूलर, मग तो कितीही महागडा असो, प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. त्या हवेच्या किती अंश वर राहायचं, एवढंच त्याच्या हातात असतं. परीक्षणातला प्रोसेसर खोलीपेक्षा ४० अंशांनी वर होता. तोच प्रोसेसर, तोच कूलर आणि तीच पेस्ट सोलापुरात ८० अंश दाखवणार, आणि त्यात जोडणाऱ्याची काही चूक नसणार.

म्हणून घरी पीसी असेंबल करणाऱ्याने नुसतं तापमान लिहून ठेवू नये, फरक लिहून ठेवावा. प्रोसेसर ७८ आणि खोली ३६, तर ४२. जानेवारीत खोली २४ असताना प्रोसेसर ६६ आला, तरी फरक तोच ४२. म्हणजे कूलर जसा बसवला होता तसाच आहे, बदलला तो ऋतू.

मात्र हा हिशेब सोलापूरकराला एका बाबतीत महागात पडतो. इंटेलचे आजचे बहुतेक प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास पोचले, की जळून जाऊ नये म्हणून स्वतःच वेग कमी करतात. एएमडीच्या रायझनमध्ये ही मर्यादा बऱ्याच मॉडेलांत ९० किंवा ९५ अंशांची आहे. २२ अंशांच्या खोलीत बसलेल्याच्या हाताशी ७०-७५ अंशांचा पैस असतो, आपल्याकडे मे महिन्यात पन्नास-पंचावन्नचाच. तिकडे कूलर थोडा तिरका बसला तरी खपून जातं. इथे खपत नाही. गेम अडखळायला लागतो, व्हिडिओ एडिटिंगला दीडपट वेळ लागतो आणि माणूस ग्राफिक्स कार्डाला शिव्या देत बसतो.

मुळात एवढी उष्णता येते कुठून? इंटेलचा कोअर आय५-१२४०० हा मध्यमवर्गीय घरांत भरपूर बसवला गेलेला प्रोसेसर. त्याचा मूळ वीजवापर ६५ वॅट, आणि जोर लावला की ११७ वॅटपर्यंत. प्रोसेसर कुठलंही यांत्रिक काम करत नाही, काही उचलत नाही, काही फिरवत नाही. त्यामुळे आत गेलेली जवळपास सगळी वीज उष्णता होऊन बाहेर येते. आता ६५ वॅट म्हणजे काही फार नाही, जुन्या पिवळ्या बल्बएवढेच. प्रश्न जागेचा आहे. सिलिकॉनचा जो तुकडा खरं काम करतो, त्याचं क्षेत्रफळ दीड-पावणेदोन चौरस सेंटिमीटर. घरातली हजार वॅटची इस्त्री घ्या : तिचा तळ साधारण दोनशे चौरस सेंटिमीटरचा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला पाच वॅट. प्रोसेसरमध्ये हाच आकडा चाळीसच्या घरात जातो. इस्त्रीच्या आठ पट! आणि इस्त्रीला आपण तापू देतो, याला तापू द्यायचं नाही.

हे नेहमी असं नव्हतं. १९७१चा इंटेल ४००४ एक वॅटसुद्धा खात नव्हता, त्याच्या डोक्यावर काहीच बसवलेलं नसे. १९९३मध्ये ६० आणि ६६ मेगाहर्ट्झचे पेंटियम आले आणि धातूच्या पंखांची वडी व वर छोटा पंखा ही जोडी घरोघरच्या कॅबिनेटांत दिसू लागली. २००४च्या पेंटियम ४ प्रेस्कॉटने शंभर वॅट ओलांडले. त्यानंतर येणारा तेजस नावाचा प्रोसेसर इंटेलने त्याच वर्षी गुंडाळला, उष्णता हे त्यामागचं मोठं कारण, आणि कंपनी एकाऐवजी दोन गाभ्यांच्या प्रोसेसरांकडे वळली. तो प्रोसेसर बाजारात आलाच नाही. त्याआधी २००१मध्ये टॉम्स हार्डवेअर या संकेतस्थळाने एक प्रयोग चित्रित करून दाखवला होता : चालू संगणकावरून कूलर उचलायचा आणि काय होतं ते पाहायचं. पेंटियम ४ मंदावला पण जगला. एएमडीच्या अॅथलॉनमधून धूर निघाला. आज दोन्ही कंपन्यांचे प्रोसेसर स्वतःला वाचवतात, त्यामुळे धुराची भीती नाही. भीती आहे ती मुकाट्याने मंदावण्याची, कारण त्याचा आवाजही होत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे. प्रोसेसरच्या पाठीवर निकेलचा मुलामा दिलेली तांब्याची पट्टी असते. कूलरचा तळही तांब्याचा किंवा अॅल्युमिनिअमचा. दोन्ही गुळगुळीत दिसतात, बोट फिरवलं तर आरशासारखे लागतात. पण सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हींवर डोंगर-दऱ्या आहेत. एकावर एक ठेवले की डोंगरांची टोकं तेवढी टेकतात आणि बाकी सगळी जागा हवेने भरलेली राहते. हवा ही उष्णतेची वाईट वाहक आहे. उष्णतावाहकतेच्या मापात तांबं ४००च्या आसपास येतं, अॅल्युमिनिअम २००च्या पुढे आणि हवा ०.०२६. म्हणजे तांबं हवेच्या पंधरा हजार पट. सोलापुरी चादरीची ऊबही याच हवेची, कापसाच्या तंतूंत अडकून बसलेली. तिथे ती हवी असते.

थर्मल पेस्टचं काम थंड करणं नाही. तिचं काम ही अडकलेली हवा हाकलून तिची जागा घेणं, एवढंच. चांगल्या पेस्टची वाहकता ५ ते १२च्या दरम्यान असते. हवेपुढे ती राजा, तांब्यापुढे मात्र भिकारी. यातून पेस्ट लावण्याचं सगळं शास्त्र निघतं : हवा उरणार नाही एवढी लावायची, आणि तांबं तांब्यापासून दूर जाणार नाही एवढी कमी ठेवायची.

थोडा हिशेब करून पाहू. उष्णता मुख्यत्वे पट्टीच्या मधल्या चार चौरस सेंटिमीटरमधून वर येते असं धरू. पेस्टचा थर ५० मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीइतका, आणि तिची वाहकता ५. ६५ वॅट जाताना या थराच्या दोन बाजूंमध्ये फरक पडेल साधारण दीड अंशाचा. हाच थर हातून अर्धा मिलिमीटर जाड राहिला तर फरक सोळा अंशांचा. आणि त्या ५० मायक्रॉनच्या फटीत पेस्टऐवजी पूर्णपणे हवा असती, तर कागदावर उत्तर येतं तीनशे अंशांच्या वर. प्रत्यक्षात धातू काही ठिकाणी टेकतोच, त्यामुळे तीनशे होत नाही, पण प्रोसेसर क्षणात मर्यादा गाठतो ते यामुळे.

हाच हिशेब बाजारातल्या दाव्यांना लावून बघावा. एका सिरिंजवर ८ लिहिलंय, दुसरीवर १२, आणि दुसरीची किंमत दुप्पट-तिप्पट. आपल्या ६५ वॅटच्या प्रोसेसरवर दोघींतला फरक येतो पाव ते अर्ध्या अंशाचा. पंखा बंद करून खिडकी उघडली तरी याहून जास्त फरक पडतो. माझं स्पष्ट मत आहे, की अडीचशे वॅट खाणारा प्रोसेसर नसेल तर महागडी पेस्ट हा निव्वळ शौक आहे. उलट टोकाला, रेडिओ-अँप्लिफायर दुरुस्तीच्या दुकानात मिळणारं पांढरं हीटसिंक कंपाउंड. त्याची वाहकता एकच्या खालीच असते, आणि त्याच थराला दीड अंशाच्या जागी दहा अंशांचा दंड बसतो. हिवाळ्यात ते चालून जाईल, मेमध्ये नाही. टूथपेस्टचे प्रयोगही लोकांनी केलेत. ती पाण्यावर बनलेली असल्याने सुरुवातीला बरी चालते आणि पाणी उडून गेलं की सुकून कडक होते. गॅलियमचा द्रवरूप धातू हा आणखी वेगळा प्रकार : तो उष्णता फारच छान वाहतो, पण वीजही वाहतो आणि अॅल्युमिनिअम कुरतडतो. पहिल्यांदा पीसी जोडणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

पेस्टमध्ये असतं काय? तेलकट माध्यम, बहुधा सिलिकॉनचं, आणि त्यात झिंक ऑक्साइड, अॅल्युमिनिअम ऑक्साइड, कधी बोरॉन नायट्राइड किंवा चांदी अशा पदार्थांची अतिबारीक भुकटी. तेल दऱ्यांमध्ये शिरतं, भुकटी उष्णता पुढे ढकलते. पेस्ट वाळून चिकटवणारा गोंद नव्हे, हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण ‘पक्की बसेल’ म्हणून जास्त लावणारे पुष्कळ आहेत. पकड देतात ते स्क्रू.

जोडायला बसताना पलंगावर चादर पसरून बसू नका. सोलापुरात हे सांगणं जरा जिवावर येतं, पण कापसाचा एक तंतू पेस्टमध्ये अडकला तर तिथे फट राहते, आणि उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत अंगावर साठणारी स्थिर वीज वेगळीच. टेबल घ्या, मदरबोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा आणि काम सुरू करण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा. जुनी पेस्ट पुसायची असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल हवं. मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे ते असतंच. परदेशी मार्गदर्शक पुसायला कॉफी गाळायचा कागद घ्या म्हणून सांगतात. आपल्याकडे तो कुणाच्या स्वयंपाकघरात असतो? चष्म्याबरोबर मिळणारं मायक्रोफायबरचं कापड त्याहून बरं. टॉवेल मात्र नको, गावचा कितीही अभिमान असला तरी.

नवा कूलर उलटा करून तळ पाहा. काहींवर कंपनीनेच करड्या रंगाची पेस्ट लावून दिलेली असते. तसं असेल तर वर आणखी काही लावायचं नाही, आणि बोटाने ती चाचपायचीही नाही. काहींच्या तळावर पारदर्शक प्लास्टिकचा पापुद्रा असतो. तो तसाच राहिला तर पुढची सगळी मेहनत वाया, आणि हे जगभर इतक्या वेळा घडतं की कंपन्या आता त्या पापुद्र्यावर ठळक सूचना छापतात.

आता पेस्ट. प्रोसेसर मदरबोर्डमध्ये बसवून, कोपऱ्यावरचा छोटा त्रिकोण जुळवून, दांडी खाली दाबून झालेली आहे असं धरतो. इंटेलच्या खाचेत दांडी दाबताना करकर आवाज येतो आणि जोरही बराच लागतो, घाबरू नका. पट्टीच्या मधोमध मटारच्या लहान दाण्याएवढा ठिपका. एलजीए १७०० खाचेतले इंटेलचे प्रोसेसर लांबट आहेत, त्यांच्यावर ठिपक्याऐवजी लांबीच्या दिशेने आखूड रेघ ओढली तर कडांपर्यंत पोचायला सोपं जातं. काही जण फुली काढतात, काही जण एटीएम कार्डाच्या कडेने सगळीकडे सारखी पसरवतात, आणि कोणती पद्धत खरी यावर लोक रात्र रात्र वाद घालतात. पुरेशी पेस्ट असेल आणि कूलर नीट दाबला गेला असेल, तर या सगळ्या पद्धतींमधला फरक एक-दोन अंशांच्या आतला असतो. ठिपक्याच्या बाजूने एक कारण नक्की आहे : वरून दाब आला की पेस्ट मधून कडेकडे सरकते आणि हवेला पुढे ढकलत बाहेर काढते. हाताने पसरताना मात्र पृष्ठभागावर खाचखळगे राहिले, तर त्यात हवा कोंडली जाते.

थोडी जास्त झाली तर? कडेने बाहेर येईल, दिसायला वाईट, पण बहुतेक पेस्ट वीज वाहत नाहीत, त्यामुळे बिघाड होत नाही. कमी पडली तर कोपरे कोरडे राहतात. म्हणून शंका असेल तर किंचित जास्त बरी.

कूलर बसवणं हा खरा परीक्षेचा भाग, आणि पेस्टवर जेवढी चर्चा होते त्याच्या दहावा हिस्साही यावर होत नाही. थराची जाडी ठरते ती दाबाने. दाब चारही कोपऱ्यांना सारखा नसेल तर थर पाचरीसारखा होतो : एका कडेला ३० मायक्रॉन, दुसरीला ३००.

इंटेलबरोबर येणाऱ्या साध्या गोल कूलरला चार प्लास्टिकच्या खुंट्या असतात. बसवण्याआधी प्रत्येक खुंटीचं डोकं बाणाच्या उलट्या दिशेने पूर्ण फिरवून घ्यायचं. बाण सोडवण्याची दिशा दाखवतो, बसवण्याची नव्हे, आणि इथेच निम्मे लोक फसतात. मग चारही पाय मदरबोर्डच्या भोकांत उतरवून समोरासमोरच्या कर्णावरच्या दोन खुंट्या एकदम दाबायच्या, ‘टक’ आवाज येईपर्यंत. मग उरलेल्या दोन. नंतर मदरबोर्ड उचलून पाठ पाहायची : चारही पायांची टोकं पलीकडे येऊन फाकलेली दिसली पाहिजेत. एक जरी अर्धी राहिली असेल, तर कूलर हलवून पाहिल्यावर घट्ट वाटतो, पण त्या कोपऱ्यात दाब नसतो. बंद कॅबिनेटमध्ये आधी बोर्ड बसवून मग कूलर बसवणाऱ्याला ही पाठ दिसतच नाही. तेव्हा कूलर आधी, कॅबिनेट नंतर.

एएमडीच्या रेथ स्टेल्थ कूलरला चार स्प्रिंगचे स्क्रू असतात. एएम४ खाचेच्या बोर्डवर आधीपासून दोन काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्या लावलेल्या येतात, त्या या कूलरसाठी काढाव्या लागतात. काढताना मागची धातूची पाटी हाताने धरून ठेवा, कारण तिला धरून ठेवणारे स्क्रू तेच असतात. ते निघाले की ती खाली पडते आणि बोर्डमागे ती नाही हे लक्षात यायला अर्धा तास जातो. चारही स्क्रू आधी हाताने दोन-दोन आटे पकडवायचे, मग फुलीच्या क्रमाने एकेकाला एक-दोन वेढे, पुन्हा फिरून तसंच. एक स्क्रू पूर्ण आवळून दुसऱ्याकडे गेलात की पेस्ट एका बाजूला पळते. स्प्रिंगने दाब ठरवून दिलेला आहे. स्क्रू थांबला की आपणही थांबायचं.

जुना कूलर नव्या बोर्डवर बसवायचा असेल तर आधी भोकं मोजा. इंटेलच्या एलजीए १२०० आणि त्याआधीच्या ११५० घराण्यातल्या बोर्डांवर भोकांमधलं अंतर ७५ मिलिमीटर होतं. २०२१मध्ये एलजीए १७०० आला आणि ते ७८ झालं. तीन मिलिमीटर ताणून जुन्या खुंट्या बसवता येतात, त्या बसतात देखील, आणि दाब भलतीकडेच जातो. कंपन्या त्यासाठी वेगळा सांगाडा देतात, तो मागवावा.

उभ्या मनोऱ्यासारखा कूलर घेतला असेल तर त्याच्यातल्या तांब्याच्या नळ्या भरीव नसतात. आत अगदी कमी दाबाखाली थोडं पाणी असतं आणि भिंतींना सच्छिद्र अस्तर. खालच्या टोकाला पाण्याची वाफ होते, वाफ वर पंखांकडे पळते, तिथे निवून पुन्हा पाणी होते आणि अस्तरातून शोषली जात खाली येते. जनरल मोटर्सच्या रिचर्ड गॉगलरने अशा नळीचं पेटंट १९४४मध्ये घेतलं होतं, पण लॉस अलामॉसच्या जॉर्ज ग्रोव्हरने १९६३मध्ये ती स्वतंत्रपणे पुन्हा शोधेपर्यंत कुणी फारसं वापरलं नाही. आपल्याजवळ, पुण्याच्या आयसरमध्ये २०१९ पासून असलेला परम ब्रह्म हा महासंगणक याच्याही पुढे गेला आहे. तिथे प्रोसेसरची उष्णता हवेकडे न सोपवता त्याच्या पाठीला टेकवलेल्या धातूच्या पाट्यांमधून पाणी फिरवून नेली जाते. घरच्या पीसीसाठीही पाण्याचे कूलर मिळतात. पण त्यांचं पाणीसुद्धा शेवटी रेडिएटरमध्ये खोलीच्याच हवेने निवतं, म्हणजे ४० अंशांची खोली त्यांनाही चुकत नाही. साध्या प्रोसेसरसाठी तो खर्च मला पटत नाही.

पंख्याची वायर ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या पिनांवरच लावायची, दुसरीकडे लावली तर बरेच बोर्ड सुरू होतानाच तक्रार करतात. मनोऱ्याच्या पंख्याची दिशा ओळखायची खूण सोपी : ज्या बाजूला मोटर धरून ठेवणारे आडवे दांडे दिसतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. ती बाजू पंखांकडे आणि पुढे कॅबिनेटच्या मागच्या जाळीकडे.

सगळं जोडून झालं की सिनेबेंचसारखा प्रोग्राम दहा मिनिटं चालवायचा आणि एचडब्ल्यूइन्फोमध्ये तापमान पाहायचं. किती चढलं यापेक्षा कसं चढलं ते पाहा. अर्धा किलो अॅल्युमिनिअम एक अंशाने तापवायला साधारण ४५० ज्यूल लागतात, आणि ६५ वॅटचा प्रोसेसर सेकंदाला ६५ ज्यूल देतो. म्हणजे पंखा अजिबात नसला तरी कूलरचा धातू सात सेकंदांना एकेक अंशाने तापेल. तेव्हा काम सुरू करताच प्रोसेसर दोन-तीन सेकंदांत ९५वर गेला, तर त्या वेळी धातू तापलेलाच नसतो. उष्णता त्याच्यापर्यंत पोचलेलीच नाही. दोष सांध्यात : पापुद्रा, सुटलेली खुंटी, कोरडा कोपरा. याउलट आधी ६० आणि मग हळूहळू चढत आठ-दहा मिनिटांनी ९० झालं, तर सांधा ठीक आहे आणि दोष हवेत आहे. जपून कूलरच्या पंखांना बोट लावलं तरी कळतं. प्रोसेसर ९८ आणि पंख थंड, तर कूलर काढून पेस्ट पुन्हा लावा. पंखही चटका देताहेत, तर पेस्टला हात लावू नका.

ही दुसरी तक्रार सोलापुरात जास्त, आणि तिचं कारण शहराच्या धंद्यात आहे. अशोक चौक, साखर पेठ, सगळा पूर्व भाग, पुढे अक्कलकोट रोडची एमआयडीसी इथे यंत्रमाग चालतात, कितीतरी ठिकाणी खाली माग आणि वर किंवा शेजारी घर. सुताचे बारीक तंतू हवेत तरंगत असतात. मातीची धूळ पंखांच्या पट्ट्यांवर बसते, तंतू मात्र पट्ट्यांच्या दोन-दोन मिलिमीटरच्या फटींवर आडवे पडतात, एकमेकांत गुंततात आणि पंख्याच्या खाली नमद्यासारखा थर तयार होतो. वरून पंखा स्वच्छ दिसतो. जोरात फिरतो, आवाज करतो, हवा जात नाही. असा थर काढल्यावर तापमान जेवढं उतरतं, तेवढं कुठल्याच पेस्टने उतरत नाही. मागांच्या आसपास राहणाऱ्याने दर दोन महिन्यांनी, इतरांनी दिवाळीच्या साफसफाईत आणि उन्हाळ्याआधी एकदा पंखा काढून पाहावा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो त्याच्या मर्यादेपलीकडे गरगरतो आणि बेअरिंग जातं.

कॅबिनेट ठेवायची जागा हीसुद्धा तेवढीच महत्त्वाची. लाकडी कॉम्प्युटर टेबलाला खाली जो दार असलेला कप्पा असतो, त्यात ठेवलेला पीसी स्वतःची गरम हवा पुन्हा पुन्हा ओढतो. तिथे खोली ३६ची असली तरी प्रोसेसरची खोली ४८ची असते. समोर सबंध काच लावलेल्या, दिव्यांनी झगमगणाऱ्या कॅबिनेटांचंही तेच. जाळीचं तोंड असलेलं साधं कॅबिनेट आपल्या हवामानाला बरं.

खोलीचं तापमान उतरवण्याचा सोपा उपाय इथल्या घराघरांत आधीच असतो, खोली गार करणारा पाण्याचा कूलर. दुपारी ४१ अंश आणि आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास असेल तर ओल्या फडक्याने गुंडाळलेला तापमापक २३ दाखवतो. कूलरची हवा तिथवर उतरत नाही, पण तिशीच्या आत येते. आहेरवाडी-फताटेवाडीजवळच्या एनटीपीसीच्या १३२० मेगावॅटच्या केंद्रात कूलिंग टॉवर उजनीच्या पाण्यावर हेच करतात. खोली दहा अंशांनी उतरली की प्रोसेसरही दहा अंशांनी उतरतो, काहीही न उघडता. ‘दमट हवेने मदरबोर्ड खराब होईल’ ही भीती बहुतांशी निराधार आहे. हवेतली वाफ निवते ती हवेपेक्षा थंड पृष्ठभागावर, आणि चालू पीसीत असा पृष्ठभागच नसतो. उडणारे थेंब मात्र वाईट, विशेषतः बोअरच्या जड पाण्याचे. तेव्हा कूलरच्या तोंडासमोर कॅबिनेट नको आणि खिडकी थोडी उघडी हवी. तरीही भागत नसेल तर बायोसमध्ये प्रोसेसरची मर्यादा ११७ऐवजी ६५ वॅटवर आणता येते. गेममध्ये हे क्वचितच जाणवतं.

पेस्ट किती वर्षांनी बदलायची? दर तापण्या-निवण्यात धातू किंचित फुगतो-आकसतो आणि पेस्ट थोडी थोडी कडेला ढकलली जाते. तेलही उडत जातं. आपल्याकडे तीन-चार वर्षांत बघावं, पण कॅलेंडरपेक्षा लिहून ठेवलेला फरक जास्त खरं सांगतो. तो ४२चा ५२ झाला, पंख स्वच्छ आहेत, तर वेळ आली.

आणि कूलर काढताना, विशेषतः एएम४ खाचेवरचा, सरळ वर ओढू नका. जुनी पेस्ट प्रोसेसरला एवढी धरून ठेवते, की दांडी बंद असतानाही तो खाचेतून उपटला जातो आणि खालच्या पिना वाकतात. आधी दहा मिनिटं पीसीवर काम देऊन पेस्ट मऊ होऊ द्या, बंद करा, प्लग काढा, स्क्रू सोडवा आणि कूलर डावी-उजवीकडे थोडा थोडा पिळून सुटा करा, मग उचला. एखादी पिन वाकलीच, तर ०.५च्या पेन्सिलीतलं शिसं काढून तिचं रिकामं टोक पिनवर चढवा आणि हलक्या हाताने सरळ करा. इंटेलच्या आणि एएम५च्या खाचेत पिना प्रोसेसरला नसून बोर्डवर असतात, केसासारख्या नाजूक. त्या सरळ करायच्या फंदात घरी पडू नये. पहिल्या दिवशी दांडी दाबताना उडालेलं काळं प्लास्टिकचं झाकण मात्र बिलाबरोबर जपून ठेवावं. बोर्ड वॉरंटीत पाठवायची वेळ आली, तर प्रोसेसर काढलेल्या त्या उघड्या पिनांवर हेच झाकण पुन्हा बसवावं लागतं.